उंदरांचा वाटा

वसुमतीच्या सासरी चतुर्थीला एक रीत होती. गणपतीचा नैवेद्य झाला की खोबऱ्या-गुळाचा पहिला कडबू उंदराचा, मग माणसांची पानं. बसवनगुडीतलं जुनं घर पाडून तिथे फ्लॅट उभे राहिले, उंदीर गेले, पण सासूबाईंची रीत काही हलली नाही. "तुझ्याकडे तर उंदरांचं राज्यच आहे की," रत्नाबाई म्हणाल्या आणि नऊ वर्षांपूर्वी त्यांनी सुनेच्या डब्यात एक कडबू टाकला. तेव्हापासून दर वर्षी टाकतात.

वसुमती एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात कामाला होती. उंदराच्या शेपटीतल्या केसाएवढ्या शिरेत सुई घालावी तर तिनेच. डॉक्टर गुरुराजांचं अर्धं नाव तिच्या हातांवर उभं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि गुरुराजांना सगळ्यांत जास्त. चौदा वर्षं कंत्राटावर काढल्यावर यंदा ती कायम व्हायची होती.

यंदाचा प्रयोग चोवीस पांढऱ्या उंदरांवर. प्रत्येकाच्या पाठीवर काळ्या उंदराच्या कातडीचा तुकडा शिवलेला. परकं कातडं आलं की अंगातल्या टी-पेशी चवताळतात आणि दहा-बारा दिवसांत ते नासवून टाकतात. बारा उंदरांना या पेशी गप्प बसवणारं औषध रोज टोचायचं, बारांना नुसतं मिठाचं पाणी. मिठाच्या पाण्यावाल्यांच्या पाठीवरून खपल्या गळून पडल्या. औषधवाल्यांच्या पाठीवर मात्र काळे केस उगवले, तेव्हा गुरुराज लहान पोरासारखे हसले.

मधेच चतुर्थी आली. दुसऱ्या दिवशी वसुमतीने रात्रभर देवापुढे राहिलेला कडबू कुस्करला आणि चोवीसही पिंजऱ्यांत ओल्या खोबऱ्याची चिमूट चिमूट टाकली. इतकी वर्षं काही झालं नव्हतं. गप्प बसवलेल्या पेशी शिळ्या खोबऱ्यातल्या बुरशीवरही धावून जाणार नाहीत, हे तिला कळायला हवं होतं. रोज सुई टोचणारी तीच होती. पण देवाच्या प्रसादाने कुणाचं वाईट होईल, हे तिच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

त्यानंतर नवव्या दिवसापासून औषधावरचे उंदीर अंग आक्रसून, केस पिंजारून बसू लागले. आठवड्यात बाराही मेले. फुप्फुसं बुरशीने भरली होती. मिठाच्या पाण्यावाले ठणठणीत.

पिंजऱ्यांतला भुसा वाफवून निर्जंतुक करायचं काम चंदनाचं. राजाजीनगरची ही मुलगी, वसुमतीनेच शब्द टाकून आणलेली, नोकरीला जेमतेम आठ महिने. गुरुराजांनी तिला सगळ्यांसमोर उभं करून वाट्टेल ते सुनावलं. खोबरं टाकताना तिने पाहिलं होतं, पण वसुमतीअक्कांचं नाव तिने घेतलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "अक्का, तुम्ही सांगता ना सरांना? मला आजच काढणार म्हणतात."

"सांगते गं. तू इथेच थांब."

आणि वसुमती खरंच गेली, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तिने सगळं सांगितलं, सासूबाईंच्या रीतीसकट.

गुरुराजांनी चष्मा काढला. "दर वर्षी?"

"हो सर. नऊ वर्षं."

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते उठले आणि दार लावून आले.

"वसुमतीबाई, हे मी संस्थेच्या चौकशी समितीला कळवलं तर माझे नऊ वर्षांचे शोधनिबंध परत तपासतील. एकूण एक. पिंजऱ्यात बाहेरचं अन्न! कोण विश्वास ठेवील?" आवाज अगदी मऊ होता. "भुसा वाफवला नव्हता. एकदाच झालं, एका नव्या पोरीकडून. सरी? ठीक आहे ना?"

"पण सर, ती पोर..."

"तिला दुसरीकडे मिळेल काम. तुम्हाला कायम करायचा कागद माझ्या टेबलावर आहे. त्याआधी यावर सही करा."

चंदनाने भुसा न वाफवताच भरला, असा जबाब टाइप करून तयार होता. खाली साक्षीदाराची जागा मोकळी होती.

तिने तो दोनदा वाचला. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या लाजेच्याही खाली, पार तळाशी, तिला हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटतंय हे कळूनही तिने सही केली. केसाएवढी शीर शोधणारा तो हात जराही थरथरला नाही.

"आणि उरलेले बारा आजच संपवा," गुरुराज म्हणाले. "त्यांचा आता उपयोग नाही."

चंदना दारापाशीच उभी होती. "सांगितलंत, अक्का?"

वसुमतीने तिच्याकडे पाहिलं. मुलीच्या चेहऱ्यावर अजून विश्वास होता, आणि वसुमतीला त्याचाच राग आला.

"भुसा नीट वाफवायला हवा होता गं," ती म्हणाली.

गळ्यातलं ओळखपत्र काढून चंदनाने वसुमतीच्या हातात ठेवलं आणि जिना उतरून गेली.

वसुमती आत आली. हातमोजे चढवले, गॅसच्या पेटीचं झाकण उघडलं. पहिला पिंजरा उघडताच उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला आणि तिची बोटं हुंगू लागला. त्याला खोबरं हवं होतं. तिने त्याला शेपटीला धरून उचललं.