बुरुंडीची एकुलती गोणी

मित्रांनो, मी एक जुनी तागाची गोणी. विणली गेले दुसरीकडे, पण स्वतःला बुरुंडीची म्हणवते, कारण कॉफीचे पहिले दाणे माझ्या पोटात तिथे पडले.

बुरुंडी हा आफ्रिकेतला चिमुकला देश. डोंगरउतारावर, घरामागे थोडीशी झाडे, आणि त्यांवरच कितीतरी घरे चालतात. समुद्र मात्र आमच्या वाट्याला आलेला नाही. म्हणून ट्रकने शेजारच्या टांझानियात जायचे आणि तिथल्या बंदरातून बोटीत चढायचे. बंदरात टांझानियाच्या गोण्यांच्या थप्प्याच थप्प्या होत्या. आम्ही मूठभर. हमालही आम्हांला त्यांच्यातल्याच समजत. तेव्हापासून मनात एकच होते, कुणीतरी आपल्याला आपल्या नावाने ओळखावे.

पुण्यात, कर्वेनगरला, उत्कर्षाताईंचा कॉफी भाजण्याचा लहानसा कारखाना आहे. त्यांनी आमच्या देशाची एकच गोणी नमुन्याला मागवली. ती मी. प्रवासात माझ्यावरचा छापा घासून गेला होता, म्हणून त्यांनी खडूने लिहिले, ‘बुरुंडी’. मग गोदाम सांभाळणाऱ्या कोंडीरामांना म्हणाल्या, “ही चांगली निघाली तर पुढच्या खेपेला दहा मागवू. नाही तर या देशाचा नाद सोडायचा.”

दहा बहिणी येणार, या आशेवर मी भिंतीशी उभी राहिले. ताई मळे बघायला चिकमगळूरला गेल्या.

एक दिवस कोंडीरामांनी दुसरी गोणी ओढताना ती माझ्यावर घासली. खडूचे ‘बुर’ राहिले, पुढे पांढरा डाग आणि शेवटची वेलांटी. बाहेर पाऊस, हवा दमट. कोंडीरामांनी डोळे बारीक करून वाचले आणि दचकलेच. “बुरशी! ताईंनी लिहून ठेवलंय आणि आपण बाकीच्यांना चिकटवून ठेवली!”

त्यांनी मला जिन्याखालच्या फळीवर लोटले. तीन आठवडे मी तिथे होते. चिकमगळूरच्या गोण्या जोडीजोडीने येत, भाजायला जात. माझ्याकडे कुणी फिरकत नसे. माझे दाणे ठणठणीत होते, पण सांगू कशी? गोणीला तोंड असते, मित्रांनो, पण ते शिवलेले असते.

ताई परतल्या. कोंडीराम म्हणाले, “ताई, ती आफ्रिकेची गोणी गेली वाया. बुरशी लागली.”

“वा! एवढा समुद्र ओलांडून आली ती बुरशी घेऊन. उद्या घंटागाडीत द्या. आणि परत त्या देशाचं नाव काढू नका.”



तेवढ्यात दाणे निवडणाऱ्या दुर्गाबाई पुढे आल्या. त्यांनी चातुर्मासात कॉफी सोडली होती, आणि त्यावरून सगळे त्यांना चिडवत. “दाणे टाका हो, पण गोणी मला द्या. देवळाच्या पायरीवर टाकायला होईल.” त्यांनी शिवण उसवली, हात आत घातला आणि मूठ नाकाशी नेली.

“अहो दुर्गाबाई, नेम मोडेल!” कोंडीराम म्हणाले.

“नेम न पिण्याचा आहे, वास न घेण्याचा नाही. याला बुरशी कोण म्हणालं? वाळल्या गवतासारखा छान वास आहे. लोणच्याच्या बरण्या राखण्यात जन्म गेला माझा, मला बुरशी कळत नाही होय?”

ताईंनी मला उजेडात ओढले. खडूवर बोट फिरवले आणि कपाळाला हात लावला. “कोंडीराम, हे बुरुंडी आहे.”

“म्हणजे रोग नाही?”

“देश आहे हो, देश!”

त्याच दुपारी माझे दाणे भाजले गेले. ताईंनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि दहा गोण्यांची मागणी पाठवली. मी रिकामी होऊन देवळाच्या पायरीवर आले. पुढे त्या दहाजणी आल्या म्हणे. एकीचीही भेट झाली नाही. इथे येणाऱ्यांना मी कुठली, हे ठाऊक नाही.

मित्रांनो, कुणाचे नाव अर्धे पुसलेले दिसले, तर गेलेले अक्षर आपल्या मनाने भरू नका. थांबा, विचारा. त्या एका अक्षरात कुणाचा तरी अख्खा देश असतो.