इंजिनात सापडलेली चिंधी

धाकट्याने ट्रकसाठी जुनं इंजिन घेतलं, ते तीन महिन्यांच्या वॉरंटीवर. अट एकच होती: झाकणावरचं सील तुटलं की वॉरंटी संपली. दोन महिनेही झाले नाहीत तोच भर चढावर इंजिन जाम झालं.

इंजिनवाल्याने झाकण पाहिलं आणि हात झटकले. "सील कुठंय? कुणीतरी उघडलंय हे."

"भंगार गळ्यात मारता आणि वर मलाच खोटं पाडता?" धाकटा गिऱ्हाइकांसमोर ओरडला. "माझा दादा तीस वर्षं मिस्त्री होता. त्याने हात लावला असता तर हे इंजिन जन्मभर चाललं असतं!"

मग रोज दुकानात जाऊन तो हेच ऐकवायचा आणि घरी येऊन थोरल्याला जसंच्या तसं सांगायचा. थोरला मान खाली घालून ऐकायचा. वडील गेल्यावर त्यानेच धाकट्याला वाढवलं, स्टिअरिंग हातात दिलं. दोन वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले. गॅरेजच्या मालकाने गोड बोलून घरी बसवलं, तेव्हापासून तो अंगणातल्या ट्रकभोवतीच घुटमळत असे.

धाकट्याने रीतसर तक्रार केली. शेवटी दोघांसमक्ष इंजिन उघडायचं ठरलं.

दुकानातल्या मिस्त्रीने खालची ऑइलची टाकी उतरवली. ऑइल ओढणाऱ्या जाळीवर काहीतरी घट्ट बसलं होतं. त्याने पकडीने ते ओढून काढलं. चिंधी होती. तेलाने काळी झालेली, पण एका कोपऱ्यात पिवळी फुलं दिसत होती.

"ही आमच्याकडची नाही," इंजिनवाला म्हणाला.

धाकट्याच्या खिशात हात पुसायला तसल्याच फुलांचं फडकं होतं. वहिनीच्या जुन्या गाऊनचं. त्याने ते आणखी आत ढकललं.

"तक्रार मागे घेतो," तो म्हणाला. "तुम्हाला नको नको ते बोललो. माफ करा."

इंजिनवाल्याचा आवाज उतरला. "कुणी उघडलं होतं?"

"मीच."

घरी थोरला पायरीवर बसला होता. धाकट्याचा चेहरा पाहूनच त्याने विचारलं, "चिंधी निघाली ना?"

धाकट्याने मान डोलावली.

"वरून टकटक आवाज येत होता. म्हटलं, तू उठायच्या आत झाकण उघडून नीट करून टाकू. नट आत पडू नये म्हणून ऑइल खाली टाकीत उतरतं त्या भोकांत दोन चिंध्या कोंबल्या. काढताना एकच काढली बहुतेक."

"मग सांगितलं का नाहीस, दादा?"

"रोज सांगणार होतो. पण तू तिकडं माझ्या नावाने छाती ठोकून येत होतास. तोंडच उघडेना."

धाकटा त्याच्या शेजारी बसला. थोरल्याने थरथरणारे हात मांडीखाली दाबून धरले. आतून वहिनीने दोनदा जेवायला हाक मारली, तरी कुणी उठलं नाही.

ट्रक विकावा लागला. धाकटा आता दुसऱ्याची गाडी चालवतो. थोरल्याने पाने-पकडी पिशवीत भरून शेजारच्या गॅरेजवाल्याला देऊन टाकल्या. धाकटा कधी गाडी दारात उभी करतो, इंजिन चालूच ठेवतो आणि मुद्दाम हाक मारतो, "दादा, जरा ऐक ना, कसला आवाज येतोय?"

"मला हल्ली नीट ऐकू येत नाही रे," म्हणत थोरला घरात जातो.

कान त्याचे चांगले तिखट आहेत.