फेस बसू दे

रंगखात्याच्या मुख्य बाईंनी निळं कापड खिडकीपाशी नेलं, उजेडात ताणून धरलं आणि टेबलावर टाकलं. कापडावर डाग होते, फिकट, तळहाताएवढे.

"काल माझ्यासमोर रंग एकसारखा चढला होता," इंजिनिअर मॅनेजरना म्हणाले. "आज हिची भाषा पुन्हा चालवली आणि सगळा बट्ट्याबोळ."

ही म्हणजे बाईंची लेक. सहा महिने वही घेऊन आईच्या मागे मागे फिरून तिने मशीनसाठी एक चिमुकली भाषा बनवली होती. पाणी भर, रंग सोड, साठ अंशांवर ने, थांब. सगळे शब्द आईच्याच तोंडचे. त्यात दहा ओळींची कृती लिहिली, की कॉम्प्युटर त्यावरून मशीनचा हजारभर ओळींचा प्रोग्रॅम आपोआप तयार करायचा. आजची चाचणी फसली, तर मॅनेजर ही भाषा कायमची गुंडाळून ठेवणार होते. आईने मात्र सहा महिन्यांत "बरी आहे"च्या पुढे अवाक्षर काढलं नव्हतं.

लेकीने कालचा आणि आजचा प्रोग्रॅम शेजारी शेजारी उघडला. कालच्यात एक ओळ जास्त होती.

"ही पाच मिनिटं थांबायची ओळ तुम्ही हाताने घातलीत?"

"घातली," इंजिनिअर म्हणाले. "बाई रंग सोडला की तिथे थांबतात. रोज बघतो मी."

"अहो, पहिल्याच ओळीत लिहिलंय, ही फाइल हाताने बदलू नका म्हणून! सकाळी मी कृतीवरून ती पुन्हा तयार केली. तुमची ओळ गेली पुसून."

इंजिनिअर चष्मा पुसू लागले. लेक आईकडे वळली.

"तू थांबतेस? माझ्यापाशी कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं? फेस बसल्याशिवाय पाणी तापवतं का कुणी? डाग पडणारच." म्हणता म्हणता आई ओशाळली. तीस वर्षांत हे तिला कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. मग ती इंजिनिअरना म्हणाली, "नजर चांगली आहे तुमची. पण हिला सांगायचं होतंत."

लेकीने भाषेत नवा शब्द घालायला अर्धा तास मागितला. मॅनेजरनी घड्याळाकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसले. शब्द तयार झाल्यावर आईने एका बोटाने कृतीत स्वतः ओळ लिहिली. फेस बसू दे.

दुपारी कापड बाहेर आलं. या काठापासून त्या काठापर्यंत एकच निळा.

"बाकीच्या खात्यांना कोण शिकवणार?" मॅनेजरनी विचारलं.

लेक पुढे होणार, तोच आई कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली. सगळं खातं मागे गोळा झालं. तिने सावकाश लिहिलं, रंग सोड. त्याखाली, पाणी भर.

"आई, उलटं होतंय," लेक कुजबुजली. पाण्याआधी रंग कुणी सोडत नाही, हे तिथल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. आईने मागे न बघता हातानेच तिला थोपवलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली. चुकलं. आधी पाणी भरा.

आईने ती मोठ्याने वाचली, दोनदा.

"तीस वर्षांत मला चुकलं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती," ती म्हणाली. "ती माझ्या लेकीनं केली बघा."

लेकीचे कान लाल झाले. तिने घाईने ओळ पुसायला हात पुढे केला.

"राहू दे," आई म्हणाली. "मागच्यांनी अजून वाचलं नाही."