उजेड कमी करा, मास्तर

गाडी शिकवणारे मास्तर हल्ली एका जागी बसतच नव्हते. जेवता जेवता उठून खिडकीपाशी जायचे. चहा अर्धा टाकून खाली उतरायचे, गाडीच्या दिव्यांवर फडकं मारायचे, वर यायचे आणि पुन्हा खाली.

"अहो, पायाला भिंगरी बांधलीय का?" बायको म्हणायची. "जिना झिजेल अशानं."

मास्तर हसण्यावारी न्यायचे, पण हसू ओठांच्या पुढे काही जात नव्हतं.

झालं होतं असं, की एकदा दिवेलागणीला एका शिकाऊ बाईंना घरी सोडून परतताना रस्त्याच्या कडेने चाललेली हातगाडी मास्तरांना दिसलीच नाही. अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक लागला. हातगाडीवाला ओरडला, "आंधळा आहेस काय रे!" शिकाऊ लोकांपायी मास्तरांनी आजवर ढिगाने शिव्या खाल्ल्या होत्या आणि पचवल्याही होत्या. पण गाडी त्या वेळी ते स्वतः चालवत होते. ही शिवी त्यांच्या एकट्याच्या वाट्याची होती आणि ती काही केल्या घशाखाली उतरेना.

विचार करकरून त्यांनी शेवटी दोष दिव्यांवर ढकलला. दिवे मिणमिणते झालेत, दुसरं काय! तेवढ्यानं जरा बरं वाटलं आणि ते गाड्यांच्या वायरिंगची कामं करणाऱ्या फ्यूजकडे गेले. त्याचं खरं नाव बहुधा त्याच्या बायकोलाच आठवत असेल. सगळे त्याला फ्यूजच म्हणायचे.

"जुने बल्ब चांगले ठणठणीत आहेत की," फ्यूज म्हणाला.

"पिवळट आहेत. मला पांढरे हवेत. असे लख्ख, की रस्त्यावरची सुई दिसली पाहिजे."

"रस्त्यावर सुया वेचायच्यात का मास्तर?" असं म्हणत फ्यूजनं बॉनेट उघडलं. दिव्यामागची रबरी टोपी काढली, तारेची क्लिप दाबून जुना बल्ब बाहेर घेतला. नव्या बल्बच्या काचेला बोट लागू न देता, बुडाशी धरून, त्यानं तो अलगद आत बसवला. दुसऱ्या बाजूचाही बदलला. मग समोरच्या बंद शटरवर दिवे लावून पाहिले. पांढऱ्याशुभ्र उजेडाचे दोन डाग पडले. एक जागेवर होता, दुसरा चांगलाच वर चढला होता.

"हा आभाळाकडे बघतोय. थांबा, स्क्रू फिरवून खाली आणतो."

"राहू दे. वरून लांबचं दिसेल."

"अहो, समोरच्याच्या डोळ्यांत जाईल तो!"

"येईन मी नंतर," मास्तर म्हणाले आणि गाडी सुरू करून निघालेसुद्धा. घाई कसली होती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. उभं राहवत नव्हतं, इतकंच.

पहिल्या संध्याकाळी मास्तर खूश होते. रस्ता चुना फासल्यासारखा पांढरा दिसत होता. पण समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे मात्र त्यांना पूर्वीसारखेच दिसत होते, पिंजलेल्या कापसासारखे फुललेले आणि भोवती रंगीत कडं. त्या कड्याआड रस्ता नाहीसा व्हायचा. समोरचे लोक दिवे उघडझाप करून खुणावायचे. मास्तर पुटपुटायचे, "जळतात लेकाचे!"

समोरून वाहन आलं की डिपर मारायचा, म्हणजे आपला उजेड खाली घ्यायचा, हे वाक्य मास्तर प्रत्येक शिकाऊ माणसाच्या कानीकपाळी ओरडत आले होते. पण आताशा उजेड खाली घेतला की पुढचा रस्ता विहिरीत बुडाल्यासारखा व्हायचा. हात खटक्यापर्यंत जायचा आणि तिथूनच परत यायचा.

त्या दिवशीही तेच झालं. कालव्याकाठच्या रस्त्यावर नुकताच अंधार पडला होता. समोरून एकच दिवा येत होता, म्हणजे दुचाकी. तिनं खुणावलं. पुन्हा खुणावलं. मास्तरांचा हात खटक्यावर होता, पण खटका काही दाबला गेला नाही. तो दिवा हेलकावला, कडेला गेला आणि विझला. मास्तर पुढे निघून आले.

आरशात नुसता अंधार होता.

'वळली असेल कुठेतरी,' त्यांनी स्वतःला सांगितलं. पण तिथे वळायला जागाच नव्हती. त्या रस्त्याचा इंचन् इंच त्यांना पाठ होता, कारण गाडी मागे घ्यायला ते लोकांना तिथेच शिकवायचे. ते चौकापर्यंत आले. जावं घरी? कुणी पाहिलं होतं? पण मनातली चलबिचल काही थांबेना आणि चौकातून घरचं वळण घेण्याऐवजी त्यांनी गाडी माघारी फिरवली.

स्कूटर झुडपात आडवी पडली होती. शेजारी एक तरुणी मांडीवर हेल्मेट घेऊन, एका हातानं दुसरं मनगट धरून बसली होती.

"आधी ते दिवे बंद करा!" ती ओरडली. मग डोळे बारीक करून तिनं पाहिलं. "अगबाई! मास्तर, तुम्ही?"

औषधांच्या दुकानात काम करणारी ही मुलगी गेल्याच वर्षी त्यांच्याकडे गाडी शिकली होती.

"लागलं का गं फार?"

"मनगट हलत नाहीये. मास्तर, तुम्हीच होतात ना मघाशी? किती खुणावलं मी! उजेड कमी का नाही केलात? आम्हाला तर डिपर विसरलो की गाडीतून उतरवायची धमकी द्यायचात."

मास्तरांनी हात देऊन तिला उठवलं. "चल, दवाखान्यात जाऊ," ते म्हणाले.

वाटेत त्यांनी डिपर मारला, उजेड खाली घेतला आणि गाडी गोगलगाईसारखी चालवली. थोड्या वेळानं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कडेला काय आहे गं ते? माणूस आहे का?"

"खांब आहे, मास्तर." मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पुढे वळण आहे हं. आता एक सायकल येतेय." दवाखाना येईपर्यंत ती सगळं सांगत राहिली. उतरताना मात्र थांबली. "माझा धाकटा भाऊ पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे शिकायला येणार आहे. त्याला पाठवू ना मी?"

मास्तरांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"नको पाठवूस," ते म्हणाले. "मला दिसत नाहीये नीट."

हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले आणि ते ऐकून आपणच दचकले. मुलीनं चांगला हात पुढे करून त्यांच्या बाहीला धरलं आणि आत नेलं. तिच्या हाडाला बारीक चीर गेली होती. प्लास्टर होईपर्यंत मास्तर बाकावर बसले, उठले, येरझाऱ्या घालत राहिले. तिचा भाऊ आला तेव्हा मास्तरांनी झालेलं सगळं त्याला सांगितलं, आपली चूकसुद्धा. तो आधी भडकलाच. बहिणीनं डोळे वटारले तेव्हा कुठे गप्प झाला.

गाडी तिथेच सोडून मास्तर पायी घरी आले आणि बायकोला सगळं सांगितलं.

"मला वाटलं, माझ्यावर रुसलात," ती म्हणाली. "हल्ली माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होतात." मग डोळ्याला पदर लावून ती म्हणाली, "उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. सबब नको."

सकाळी गाडी आणायला ती बरोबर गेली. आधी फ्यूजकडून दिवे खाली करून घेतले आणि मगच दोघं डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. वाढलेला होता, पण ऑपरेशननं बरा होण्यासारखा. तोवर शिकवणी बंद. तपासणीसाठी डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यामुळे बाहेर आल्यावर मास्तरांना भर दुपारी रस्ता दुधात कालवल्यासारखा दिसत होता.

"रिक्षा बघतो," ते म्हणाले.

"कशाला?" बायकोनं किल्लीसाठी हात पुढे केला. परवाना तिच्याकडे होता. लग्नानंतर मास्तरांनीच हौसेनं शिकवलं होतं. पण एकदा भर चौकात ते तिच्यावर असे काही खेकसले, की त्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

मास्तर शिकवणाऱ्याच्या जागेवर बसले. पायाखाली त्यांचा जादा ब्रेक होता. गाडी सुटली आणि त्यांचे पाय आपोआप त्याच्यावर गेले.

"पाय काढा," ती समोर बघत म्हणाली.

त्यांनी पाय मागे घेतले. पुन्हा गेले. शेवटी त्यांनी मांडी घातली आणि दोन्ही हातांनी आपलेच घोटे धरून ठेवले. तिनं दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला. घराची गल्ली आली, आणि गेलीही.

"अगं, घर मागे राहिलं!"

"दिसलं मला," ती म्हणाली. "जरा लांबून जाऊ."