चूल एक की दोन

ओरेशान गावातली एकोणीस घरं पाहणीसाठी आलेल्या झ्लात्कानं हातावेगळी केली होती. विसावं घर मात्र नाकी नऊ आणत होतं, कारण ते एक घर आहे की दोन, हेच ठरत नव्हतं.

वरच्या मजल्यावर नेदेल्चो आणि त्याची बायको रुसा. खालच्या मजल्यावर नेदेल्चोचा धाकटा भाऊ रादन आणि त्याची बायको गिन्का. नेदेल्चो स्पेनमध्ये बांधकामावर होता तेव्हा रादननं अंगणातला वडिलांच्या हातचा अक्रोड तोडून गाडीसाठी शेड घातली. नेदेल्चो सुट्टीवर आला तो झाडाच्या जागी बुंधा. त्यानं तिथेच उभं राहून शपथ घेतली, खालच्या घरचा घास तोंडात घालणार नाही. त्याला सात वर्षं झाली. सख्खे भाऊ, पण शब्दाला शब्द नाही. नेदेल्चो रादनचं नावही घेत नसे, ‘खालचा’ म्हणे.

पाहणी होती कुटुंब, काम आणि समाधान यांची. आधी येऊन गेलेल्या सगळ्यांनी इथे बिनदिक्कत दोन कुटुंबं लिहिली होती. झ्लात्का यंदा पहिल्यांदाच आली होती आणि नियमावली कोळून प्यायली होती. नियम साधा: एका भांड्यातलं खाणारी माणसं ती एक कुटुंब. छप्पर, आडनाव, भांडण यांचा त्याच्याशी संबंध नाही.

तिनं आठवड्यापूर्वी चौघांना एकेक रोजनिशी दिली होती. दर दहा मिनिटांची एक ओळ. काय केलं, आणि सोबत कोण होतं. शनिवारी दुपारी तिनं त्या गोळा केल्या आणि चर्चच्या पायरीवर बसून चाळायला घेतल्या. रुसाची रोजनिशी: सकाळी दहा ते बारा, स्वयंपाक. सोबत: घरातलं माणूस. झ्लात्का थबकली. त्या वेळी नेदेल्चो डोंगरावर मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होता, त्यानं स्वतःच तसं लिहिलं होतं. मग घरातलं माणूस कुठलं?

तिनं गिन्काची उघडली. दहा ते बारा, स्वयंपाक. सोबत: घरातलं माणूस. आणि रादन तर दुधाची गाडी घेऊन शहरात!

झ्लात्कानं दोन्ही वह्या शेजारी-शेजारी धरल्या. साडेदहा, घेवडा निवडला. साडेदहा, घेवडा निवडला. अकरा वीस, कॉफी. अकरा वीस, कॉफी. अकरा चाळीसला गिन्कानं लिहिलं होतं, ‘हसलो’. रुसानं लिहिलं होतं, ‘हसू आवरेना’. नियमावलीत भांडी घासण्यापासून कुत्रा फिरवण्यापर्यंत सगळ्याला आकडा होता, हसण्याला नव्हता.

ती पायरीवरून उठली ती जवळजवळ धावतच निघाली. वाटेत राजधानी सोफियातल्या ऑफिसातून, यादी सांभाळणाऱ्या किरीलचा फोन आला.

“एक की दोन? सहाला यादी बंद होणार.”

“किरील, इथे काहीतरी भन्नाट आहे!”

“भन्नाटला रकाना नाही. सगळे दोन लिहितात, तूही लिही आणि ये घरी.”

दोन्ही जावा खालच्या स्वयंपाकघरातच सापडल्या. शेगडीवर मोठं पातेलं रटरटत होतं आणि शेजारी कपड्यांची टोपली तयार होती. झ्लात्कानं वह्या पुढे धरल्या तशी रुसा गिन्काकडे वळली.

“गिन्के, तू खरं लिहिलंस?”

“मग? ह्याच म्हणाल्या ना, खोटं लिहायचं नाही! तू काय लिहिलंस?”

“मीपण खरंच लिहिलं गं!”

आणि दोघींना पुन्हा हसू फुटलं. पहिल्याच हिवाळ्यात रुसाची शेगडी बिघडली होती. नवरे बाहेर पडले की ती खाली यायची, दोघी मिळून रांधायच्या, आणि रुसा आपला वाटा धुतलेल्या कपड्यांखाली झाकून वर न्यायची. शेगडी पुढे दुरुस्त झाली, पण हे चालूच राहिलं.

हसता हसता रुसानं झ्लात्काचा हात धरला. “झ्लात्का, त्यांची शपथ आहे. सात वर्षं मी त्यांना खालचंच खाऊ घातलंय. कळलं तर हे दार कायमचं बंद होईल. मग मी दिवसभर वर कुणाशी बोलू? भिंतींशी?”

“माझ्याकडून कुणाला काही कळणार नाही, वहिनी. एकाचं सांगणं दुसऱ्याला सांगायचं नाही, अशी सहीच केलीय मी.”

पण ‘एक’ लिहायचं तर नियमानं वरच्या कर्त्या माणसाला, म्हणजे नेदेल्चोलाही, जेवणाचा प्रश्न विचारावा लागणार होता. ‘दोन’ लिहिलं तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. फक्त ते खोटं असतं, आणि समोर वाफाळणारं पातेलं बघून खोटं लिहायला झ्लात्काचा हात धजेना.

पाच वाजता ती वरच्या बाल्कनीत नेदेल्चोसमोर बसली. खाली रादन बुंध्यावर बसून रेडिओवर फुटबॉलचा सामना ऐकत होता. नेदेल्चोची खुर्ची कठड्याला अगदी खेटून होती. रुसा कॉफी करायला आत गेली.

झ्लात्कानं आवाज होईल तितका सरळ ठेवला. “नेदेल्चोदादा, तुमचं आणि खालच्यांचं जेवण वेगळं शिजतं का?”

नेदेल्चोनं आत डोकावून पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

“माझी बायको सपाटीवरची. लग्न झालं तेव्हा घेवड्याच्या कालवणात पुदिना घालतात हे तिला माहीत नव्हतं, आणि नंतरही तिला ते कधी जमलं नाही. ती माझ्या आईची रीत. आईनं ती गिन्काला शिकवली. सात वर्षं माझ्या ताटात आईच्या हातचा पुदिना येतोय. मी भांडलोय, माझी जीभ नाही गेली.”

झ्लात्काच्या हातून पेन पडायचं राहिलं. “मग बोलला का नाहीत?”

“बोललो तर थांबवावं लागेल. न कळता खाल्लेल्या घासानं शपथ मोडत नाही. तेव्हा मला काही माहीत नाही. बायकांना सांगू नकोस, उगाच बिचकतील.”

“नाही सांगणार. पण मग मी ‘एक’ लिहू?”

“खरं आहे ते लिही. तुझा कागद सोफियात जातो, खाली थोडाच जातो.”

तिला उठून नाचावंसं वाटत होतं. तिनं या घरासाठी आणलेल्या दोन फॉर्मांतला एक फाडला आणि दुसरा भराभर लिहू लागली. “ज्याच्या चुलीवर शिजतं त्याचं नाव आधी. पहिली व्यक्ती, रादन.”

“पहिला? चार वर्षांनी धाकटा आहे तो माझ्याहून!”

“चूल त्याची आहे, दादा. दुसरी गिन्का. तिसरे तुम्ही. पहिल्या व्यक्तीशी तुमचं नातं?”

नेदेल्चोनं कागदाकडे वाकून पाहिलं.

“इतर, असं लिहिता येतं का?” त्यानं विचारलं.

“येतं. पण मग तुम्ही खरं लिही म्हणालात त्याचं काय?”

त्यानं कठडा धरला. खाली बुंध्यावर टक्कल पडलेलं डोकं रेडिओकडे झुकलेलं होतं. “भाऊ,” तो पुटपुटला.

झ्लात्काला स्पष्ट ऐकू आलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिनं कामात लबाडी केली. “जरा मोठ्यानं सांगा ना, दादा. रेडिओमुळे ऐकू येत नाही.”

“भाऊ!” नेदेल्चो गरजला. “भाऊ आहे तो माझा, सख्खा भाऊ! लिही!”

खालच्या रेडिओचा आवाज एकदम बारीक झाला. रादननं घसा खाकरला, पण मान वर केली नाही.

“बरोबरी झालीय,” तो म्हणाला. “वीस मिनिटं राहिलीत. तिथून नीट ऐकू येत नसेल.”

“येतंय थोडं थोडं,” नेदेल्चो म्हणाला.

“बुंधा रुंद आहे.”

नेदेल्चो जिन्याकडे गेला तेव्हा त्याच्या एकाच पायात सपात होती. दुसरी खुर्चीखालीच राहिली. झ्लात्काचे डोळे भरून आले आणि तेवढ्यात फोन वाजला.

“एक की दोन?”

“एक!” ती ओरडली. “एक, किरील, एक!”

रुसा कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आली. रिकामी खुर्ची पाहिली, मग कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. बुंध्यावर दोन पाठी एकमेकींना टेकल्या होत्या.

“अगं बाई,” ती कुजबुजली, “हे आता एका टेबलावर जेवायला बसले तर? खालच्या ताटातही रोजचाच पुदिना! कळेल ना गं त्यांना!”

झ्लात्कानं ट्रे तिच्या हातातून घेऊन रिकाम्या खुर्चीवर ठेवला. तिच्या ओठांवर शब्द आले होते, पण सही केलेली होती. तिनं निमूटपणे कॉफीचा घोट घेतला.