काळ्याखालचा हिरवा

आमच्या गाड्या धुण्याच्या जागेवर गाडीतून उतरता उतरताच दुमिसाने माझ्या मामाच्या कानाखाली जाळ काढला. मामा एवढंच म्हणाला होता, "रांगेत लाव, बाळा."

पाण्याच्या पाइपासकट मामा चिखलात बसला. माझ्या पाठीला बांधलेली माझी तान्ही लेक पुलेंग दचकली आणि तिने माझ्या मानेत नाक खुपसलं. झोपेतून उठली की ती असंच करते. मग मानेवर तिच्या श्वासाचा ओला गोळा जाणवत राहतो.

"दुपारी मैदानात गाडी फिरवायचीय," दुमिसा म्हणाला. "आरसा पाहिजे, आरसा. बघून दाढी करता आली पाहिजे."

"आधी दाढी उगवू दे की," गाड्या पुसणारा काबेलो पुटपुटला. दुमिसाने शर्टाचं टोक वर केलं. कमरेला पिस्तूल होतं. काबेलो खाली बघून चाक घासायला लागला.

गाडी काळी होती. चौकोनी नाकाची जुनी बीएमडब्ल्यू. आमच्या काटलेहाँग वस्तीत तिला गुशेशे म्हणतात, आणि पोरं तिच्यावर जीव टाकतात. माझा भाऊ मुएकेत्सीसुद्धा टाकायचा. त्याची गुशेशे हिरवी होती. तो रंग त्याने स्वतः डब्यात कालवला होता, बिअरच्या बाटलीतून ऊन बघावं तसा. तसा हिरवा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मागच्या हिवाळ्यात सिग्नलवर कुणीतरी त्याला गोळ्या घातल्या, रस्त्यावर ओढून टाकलं आणि गाडी नेली.

मैदानात गाडी गरगर फिरवण्याचे खेळ करणारा माणूस गेला, की आमच्याकडे त्याची गाडी कबरीपाशी आणतात. टायर फुटेपर्यंत गोल गोल फिरवतात. मगच माती. मुएकेत्सीच्या वेळी मित्रांनी आपापल्या गाड्या आणल्या होत्या, पण आईने हात आडवा केला. "दुसऱ्याच्या गाडीने माझा मुलगा जायचा नाही," म्हणाली. आम्ही गाडी न फिरवताच माती टाकली. तेव्हापासून आई दार लावताना म्हणते, "तो गेलाच नाही, अजून तिथंच उभा आहे गं, दिनेओ."

"मामा, हिला जरा घे," मी पुलेंगची गाठ सोडायला लागले.

"राहू दे पाठीवर," दुमिसा म्हणाला. "पोर खाली ठेवलं की तुम्ही बायका गप्पा हाणत बसता."

मी पॉलिशच्या मशीनला फोमचा पॅड लावला. आधी डिकीच्या कोपऱ्यात हातभर जागा घासून बघायची, ही माझी पद्धत. फोम मऊ असतो, रंगाला जपून घेतो, पण वेळ खातो. दोन फेऱ्यांत पॅड काळा झाला. म्हणजे वर लॅकरचा पारदर्शक थरच नव्हता. रंगच निघत होता, तोही घाईत मारलेला. अशा पातळ रंगाला फोमच बरा.

कडेचं पॉलिश पुसायला मी डिकी उचलली. बोटं आतल्या काठावरून गेली आणि थांबली. तिथे वेल्डिंगचा एक गोळा होता. शेंगदाण्याएवढा, ओबडधोबड. तो मुएकेत्सीनेच केला होता आणि मी त्याला किती हसले होते! "हसू नकोस, मोठ्या कारागिराची सही आहे ती," म्हणाला होता.

पुलेंग माझा कानातला डूल ओढत होती.

फोमनेच पुढे गेले असते तर गाडी काळीच राहिली असती. दुमिसा निघून गेला असता. मी घरी जाऊन लेकीला पाजलं असतं, आणि आई दार लावताना तेच म्हणाली असती.

"किती वेळ गं?" दुमिसाने मामाच्या बरगडीत लाथ घातली. मामा कळवळला. "तो दुसरा लाव ना, मायक्रोफायबरचा! सगळे तोच लावतात. झटक्यात कापतो."

"रंग पातळ आहे," मी म्हणाले. "कडा उघड्या पडतील."

"मला शिकवू नकोस. लाव."

मी मायक्रोफायबरचा पॅड लावला. पांढरा, आखूड केसांचा. तो ओरखडे भराभर खातो, पण तापतोही तसाच, आणि कड तर त्याच्या तावडीत कधी द्यायची नसते. मी डिकीची कडच धरली. मशीन तिथेच दाबून ठेवली. जळका वास आला. पॅड काळा झाला, आणखी काळा झाला. मग त्या काळ्यात हिरवं आलं.

मशीन उचलून धरली. कडेवर बोटभर लांब हिरवी रेघ उन्हात चमकत होती.

काबेलोच्या हातातून ब्रश पडला. "मुएकेत्सी," तो म्हणाला.

दुमिसाची मूठ माझ्या तोंडावर बसली. दात ओठात घुसला. मी पडले ती गुडघ्यांवर, पाठीवर पडायचं नव्हतं. त्याचा हात कमरेकडे गेला. मशीन अजून माझ्या हातात होती. मी बटण दाबलं आणि तापलेला पॅड त्याच्या डोळ्यांवर रेटला. तो किंचाळला. पॉलिश, रक्त, सगळं माझ्या चेहऱ्यावर उडालं. पिस्तूल चिखलात पडलं आणि मामाने त्यावर बसकण मारली.

मग काबेलो आला, लोखंडी पाना घेऊन. गुडघा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. शेजारचा पंक्चरवाला धावला, रांगेतले गाडीवाले धावले. साखळ्या, बूट, दगड.

"मी सांगितलं होतं त्याला!" दुमिसा रक्त थुंकत ओरडला. "गाडी सोड म्हटलं होतं! स्टिअरिंगच सोडेना!"

मग पंक्चरवाला आपल्या ढिगाकडे गेला आणि टायर घेऊन आला. दुमिसाच्या गळ्यात घातला. कुणीतरी पेट्रोलचा कॅन उघडला. इतका वेळ रडणारी पुलेंग आता थांबली होती. माझ्या खांद्यावरून ती टक लावून बघत होती.

"तो टायर काढा," मी म्हणाले.

"ताई, तू आत जा," काबेलो म्हणाला. त्याच्या हातात काडी होती. "लेकीला घेऊन जा."

"काढ म्हणते ना! गाडीचे मागचे दोन्ही गुळगुळीत झालेत. मला टायर लागणारेत. कबरीपाशी उठायचा माझ्या भावाचा धूर ह्याच्या अंगावर वाया घालवता होय रे?"

काबेलोचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडायलाच लागला. पंक्चरवाल्याने टायर ओढून काढला, जोडीला ढिगातला दुसरा घेतला आणि रिमवर चढवायला बसला. दुमिसाला त्यांनी खांबाला बांधलं. पोलिसांना फोन मामाने केला.

दुपारी आई कबरीपाशी उभी होती. पुलेंग तिच्या कडेवर होती आणि आईने तिचे कान झाकले होते. मी क्लच सोडला. गाडी किंचाळत फिरली, धुराने दगड, माणसं, आकाश सगळं झाकलं. फुटलेला ओठ परत वाहायला लागला. आधी एक टायर फुटला, मग दुसरा.

धूर विरल्यावर आई वाकली आणि मूठभर माती कबरीवर टाकली.

"जा आता," ती म्हणाली.