बाराने गुणायचं नाही

सरोज मार्च नव्व्याण्णवमध्ये दोह्याला आली आणि पहिले दोन महिने तिने घरात टोमॅटो आणलाच नाही.

तिचा नवरा शशिकांत त्याआधी वर्षभर इथे एकटा होता. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये तो पंपदुरुस्तीचा सुपरवायझर होता. फॅमिली व्हिसा हातात पडल्यावर त्याने अल नस्रमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, बायकोला आणि चार वर्षांच्या अमेयला नाशिकहून बोलावून घेतलं आणि पहिल्याच संध्याकाळी सरोजपुढे दोनशे पानी वही ठेवली.

"घरखर्च तू बघ. मला हिशेबातलं काही कळत नाही."

सरोजला कळत होतं. लग्नाआधी ती पतपेढीत कॅशियर होती आणि चार वर्षांत तिच्या काउंटरला एका पैशाचा फरक आला नव्हता. अडचण एवढीच की तिला रियाल दिसायचेच नाहीत. इमारतीखाली मन्सूर नावाच्या केरळी माणसाचं दुकान होतं. तिथे टोमॅटो चार रियाल किलो. एका रियालचे तेव्हा बारा रुपये व्हायचे, म्हणून सरोज मनात बाराने गुणायची. अठ्ठेचाळीस रुपये. टोमॅटो हातातून खाली. कोथिंबिरीची जुडी बारा रुपये, नारळ छत्तीस रुपये. ती रोज जायची, सगळे भाव विचारायची आणि मीठ घेऊन परत यायची.

"भाभी, इतना नमक का क्या करते हो?" मन्सूरने एकदा काळजीने विचारलं.

घरात नाशिकहून आणलेल्या मुगाची खिचडी शिजत होती. अमेयचे केस सरोजने घरीच कापले, त्यामुळे शाळेतल्या मिसने त्याला डोक्याला काही लागलंय का असं विचारलं. मे महिन्यात तिने एसी बंद केला. शशिकांत कामावरून आला तर दोघं मायलेक ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेले. अमेयने पाण्याचा ग्लास उचलला आणि विचारलं, "मम्मी, हाउ मच इज धिस?"

त्या महिन्यात वहीत सोळाशे रियाल शिल्लक पडले. शशिकांतला आनंद झाला. मग उठताना त्याची पँट घसरली, आणि तो विचारात पडला.

"सरोज, आजपासून या घरात बाराने गुणायचं नाही. एक रियाल म्हणजे एक रुपया. माझा पगार साडेचार हजार रुपये. टोमॅटो चार रुपये किलो. बस."

"लिहिताना पण?"

"लिहिताना, बोलताना, मनातसुद्धा."

"म्हणजे फरकच धरायचा नाही?"

"अजिबात नाही."

सरोजने वहीचं नवं पान उघडलं आणि वर 'रुपये' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिने टोमॅटो, भेंडी, दोन नारळ आणि अर्धा किलो खजूर आणला. मन्सूरने आपणहून एक लिंबू वर टाकलं. एसी सुरू झाला. जूनअखेर शशिकांतचा पट्टा पुन्हा जुन्या भोकावर आला आणि घरात सगळं सुरळीत झालं असं दोघांना वाटलं.

शशिकांतची आई नाशिकला थोरल्या मुलाकडे, राजाभाऊंकडे राहायची. तुमचं कसं भागतं ते कळवा, असं तिने पत्रात विचारलं होतं. मुलाचा पगार तिला ठाऊक नव्हता. दृष्ट लागू नये म्हणून तो आकडा त्या घरात कुणी उच्चारत नसे. सरोजने वहीतलं जूनचं पान जसंच्या तसं उतरवून पाठवलं. पगार साडेचार हजार रुपये. घरभाडं सोळाशे रुपये. नाशिकला आईंना पहिला ड्राफ्ट, साडेआठशे रुपये.

जुलैत वर्कशॉपमधला फजल सुट्टीहून परतला. तो मालेगावचा. येताना नाशिकला शशिकांतच्या आईला भेटून आला होता. शुक्रवारी सकाळी तो फ्लॅटवर आला, खुर्चीत अवघडून बसला आणि त्याने कापडी पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत ज्वारीचं पीठ, अमेयसाठी कुणाचा तरी जुना स्वेटर आणि रबरबँड लावलेल्या नोटा होत्या.

"शशीभाई, अम्मा लई रडत होती," फजल म्हणाला. "बोलली, पोरगा उपाशी हाय, पण सांगत नाही."

सोबत चिठ्ठी होती.

'चि. शशीस आशीर्वाद. तू पाठवलेले साडेआठशे मिळाले. बँकेने मात्र चुकून दहा हजार दिले. मॅनेजरला दोनदा सांगितलं, तो म्हणतो बरोबर आहे. राजाभाऊ म्हणतो, बँक चुकत नाही, म्हणजे तिकडे तूच कुठून तरी घेतलेले असणार. परक्याचा पैसा आपल्याला पचत नाही. नऊ हजार एकशे पन्नास परत पाठवत आहे, ज्याचे असतील त्याला देऊन टाक. सातपूरच्या नोकरीत तुला सात हजार मिळत होते. राजाभाऊने सिन्नरच्या कारखान्यात शब्द टाकला आहे. लाज वाटून घेऊ नकोस.'

शशिकांत पोट धरून हसला. फजल हसला नाही. जाताना त्याने दारात हळूच विचारलं, "दोनशे रियाल ठेवून जाऊ का?"

शनिवारी शशिकांत कामावर गेल्यावर सरोजने वही उघडली. जमा बाजूला तिने 'आईंकडून परत' लिहिलं आणि पेन थांबवलं. हे रुपये होते. पण पानाच्या डोक्यावरही 'रुपये'च लिहिलेलं होतं, आणि फरक अजिबात धरायचा नाही असं ठरलं होतं. तिने नऊ हजार एकशे पन्नास लिहिले आणि बेरीज दोनदा तपासली. घरात त्या महिन्यात पगाराच्या तिप्पट रक्कम आली होती.

तिने शेजारच्या मुनीराला बरोबर घेतलं, जवळच्या दुकानात जाऊन अकराशेचं वॉशिंग मशीन पसंत केलं, शंभर दिले आणि उरलेले दोन-तीन महिन्यांत देते म्हणून सांगितलं. मुनीरा दुकानदाराच्या ओळखीची, त्यामुळे मशीन दुपारीच घरी आलं. संध्याकाळी शशिकांत आला तेव्हा त्यात त्याचे कामाचे कपडे फिरत होते आणि अमेय समोर मांडी घालून पाहत होता.

"हे कशातून?"

"आईंच्या पैशातून."

"ते रुपये आहेत, सरोज. ते मोडले तर साडेसातशेसुद्धा येणार नाहीत."

"फरक नाही असं तुम्हीच म्हणालात."

"मी टोमॅटोपुरतं म्हणालो होतो."

"तसं तुम्ही सांगितलं नाही."

शशिकांत मशीनकडे बघत बसला. दोष कुणाचा हे त्याला ठरवता येईना. त्यातही तिच्या हिशेबात चूक नव्हती, याचाच त्याला जास्त त्रास झाला.

पैसे मोडून आले सातशे चाळीस. ते दुकानदाराला दिले आणि पुढच्या शुक्रवारी तिघं पन्नास रियालचं कार्ड घेऊन टेलिफोन बूथवर गेले. मिनिटाला सात-आठ रियाल जात. सरोज घड्याळ धरून उभी राहिली.

"आई, नीट ऐक. इथला एक रुपया म्हणजे तिकडचे बारा."

"कशाने बारा?"

"इथले रुपये म्हणजे रुपये नाहीत."

"मग सरोज खोटं लिहिते का?"

"खोटं नाही, आम्ही घरात तसं म्हणतो."

फोन राजाभाऊंनी घेतला. ते तहसील कचेरीत नोकरीला होते आणि त्यांना विषय समजावून घ्यायला वेळ लागे. दोन मिनिटं गेली. मग पलीकडे राजाभाऊ आईला हळू आवाजात काहीतरी समजावून सांगताना ऐकू आले. पुन्हा आई आली.

"चोपन्न हजार?"

"हो, आई."

सरोजने घड्याळावर बोट आपटलं.

"म्हणजे चोपन्न हजार मिळवतोस आणि मला दहा पाठवतोस," आई म्हणाली. "आणि मी तेही परत केले."

तेवढ्यात कार्ड संपलं.

पंधरा दिवसांनी राजाभाऊंचं टंकलिखित पत्र आलं. आईचं म्हणणं क्रमांक घालून दिलं होतं. एक, जास्तीचे पैसे नकोत. दोन, तिचे नऊ हजार एकशे पन्नास तिला परत हवेत. तीन, ते खर्च झाले असल्यास त्यातून जी वस्तू घेतली असेल ती तिची समजण्यात यावी.

शशिकांतने तिसऱ्या मुद्द्यावर बराच विचार केला. आईचं खोडून काढण्यासारखं त्याला काही सापडलं नाही. सप्टेंबरात मशीन लाकडी खोक्यात बसलं आणि कार्गोने निघालं. कार्गोचे पैसे वेगळे. दुकानदाराचे दोनशे साठ अजून द्यायचे होते.

मशीन डिसेंबरात नाशिकला पोचलं. तिथे नळाला पहाटे तासभर पाणी यायचं, आणि मशीनचं माहितीपुस्तक अरबी आणि इंग्रजीत होतं. राजाभाऊंनी त्यातला इंग्रजी भाग आईला वाचून दाखवला. तिने सगळा ऐकून घेतला, मशीन पुढच्या खोलीत ठेवलं आणि त्यावर विणलेला रुमाल घातला. आल्यागेल्याला ती एवढंच सांगायची की सुनेने पाठवलंय.

हे फजलने पुढच्या सुट्टीनंतर येऊन सांगितलं. सरोज तेव्हा बाथरूममध्ये बादलीत अमेयचा युनिफॉर्म चोळत होती.

"रुमाल कसला आहे?" तिने विचारलं.

"लाल," फजल म्हणाला. "मोरवाला."

"तो माझ्या लग्नातला," सरोज म्हणाली, आणि तिने पाणी बदललं.